ओसरीतला वर्ग गेला

सतरंजी अंथरून मी ज्वारी निवडायला बसले, तोवर पहिलीची पोरं आलीच. परवापर्यंत रोजची सकाळ अशीच होती. गावच्या शाळेत खोल्या कमी, म्हणून आमचे मालक वारल्यापासून हा वर्ग माझ्या ओसरीत भरायचा. पोरांच्या मागे बसूनच मी अक्षरं गिरवली. आता कादंबऱ्या वाचते.

काल नवी खोली उघडली. बाई म्हणाल्या, "मावशी, लई त्रास दिला तुम्हाला. आता घर मोकळं झालं बघा."

मी सतरंजीची घडी घातली.

निघताना छोटी सानिया म्हणाली, "आजी, तुम्ही न्हाई येणार? चला की, आम्ही सरकून बसतो."

"आगं, मला चौघींची जागा लागंल!" म्हणून मी वेळ मारून नेली.

मग दिवसभर घरात आवाज नाही. गर्दीचा त्रास सगळेच सांगतात. ती गेल्यावर कसं वाटतं, हे तुमच्यापैकी कुणी अनुभवलंय का?

आज सकाळी मी शाळेत गेले. नव्या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसवली आहे. मला पाहून सानिया खरंच सरकली, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीबाहेर उभी राहून मी एक धडा ऐकला आणि घरी आले.