थावराबाचा बांध

थावराबा सकाळी उठून देवाला हात जोडायचा नाही. तलावाच्या बांधावर अनवाणी फिरत तो आधी बांधाला आणि मग आम्हा गावकऱ्यांना शिव्या घालायचा. आवाज असा, की सेनगावच्या स्टँडवर एसटीच्या काचा थरथरायच्या. तांड्यावरचा हा वाळका म्हातारा आमच्या मातीच्या तलावाचा राखणदार. पाणी सोडायच्या दाराची चावी कायम त्याच्या करदोट्याला. मला तो माणूस कधीच आवडला नाही.

एकदा पुढाऱ्याला बोलावून आम्ही बांधावर चाळीस कडुलिंब लावले, फोटो काढले. दुसऱ्या सकाळी चाळीसही रोपं चावडीपुढे, मोळी बांधून.

"काहून उपटले?" मी विचारलं.

"झाड मरतं, मूळ कुजतं, अन् त्याच भोकातून पानी वाट काढतं. बांध मातीचा हाय. सावली पायजे तर डोक्यावर टोपलं घे."

पाण्याची पाळीही त्याची उलटी. टोकाच्या शेताला आधी, अगदी बांधाखालच्या मला सगळ्यांत मागून. "तुला पान्याचा वास तरी येतो, त्यायला तेबी न्हाई," म्हणायचा. इकडे माझी हळद माना टाकायची. त्याला काढा म्हणून मी इतके अर्ज केले, की हिंगोलीच्या कचेरीत त्यांची रास पंख्याला टेकली.

शेवटी थंडीत तो मोतीबिंदू काढायला हिंगोलीला गेला, आणि मी बांधाच्या माथ्यावर छातीइतका चर खणून तलावातून माझ्या शेतात आडवा पाइप टाकला. वरून माती लोटली, गवत लावलं. त्या वर्षी माझ्या हळदीचा एकेक गड्डा रेडकाएवढा झाला.

श्रावणात तलाव तुडुंब भरला. भरदुपारी थावराबा माझ्या दारात उभा. पहिल्यांदाच हळू बोलत होता.

"बांध पाझरून राहिला. निवळ पानी असतं तर झोपलो असतो. गढूळ हाय, म्हंजी माती चालली. पाइप कुठं गाडला ते दाखव. शिव्या मागून देतो."

बांधाखाली पहिलं शेत माझं आणि त्यापुढे सगळं गाव. मी मुकाट्यानं जागा दाखवली. त्यानं तलावाचं दार पूर्ण उघडलं, गाव गोळा केलं. पाझरावर आधी रेती, मग खडी, मग पोती. सांजेला पाणी निवळ झालं.

"कशानं झालं, थावराबा?" सरपंचांनी विचारलं.

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "खेकड्यानं पोखरलं."

मग मरेपर्यंत त्यानं मला भर चावडीत 'खेकडा' म्हणूनच हाक मारली. लोक हसायचे; का, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ते मी अजून माफ केलेलं नाही.

यंदा तो गेला. तेराव्याला गावानं हार घालून त्याच्या नावानं बांधावर एक कडुलिंब लावला. बायाबापड्या रडल्या.

दुसऱ्या सकाळी मी तो उपटून चावडीपुढे ठेवला. गाव अजून मला शिव्या घालतंय.