द्रौपदीबाईंनी दारावर लिहिलेलं नाव

आज मंगळवार, दुपारी बरोबर तीन वाजता मुलुंडच्या आपल्या समाजकेंद्राला कुलूप! चिटणीस म्हणाले, "बाई, कॅरमच्या सामन्यांसाठी हॉल झाडून ठेवलाय. बायकांचा साक्षरता वर्ग उद्या घ्या."

वर्गातल्या बायका आणि त्यांना शिकवणारी मी, आम्ही व्हरांड्यातच बसलो. कोकणातल्या द्रौपदीबाईंनी नवऱ्याचं नाव आजवर तोंडाने घेतलेलं नाही. रेशनच्या कचेरीतसुद्धा शेजारीण सांगते. आज त्यांनी खडूने बंद दारावर लिहिलं, 'विठोबा'. मग पदराआड हसत म्हणाल्या, "बाई, नाव मी घेवक नाय हां, लिवलंय फक्त!"

माझे डोळे भरून आले. चिटणिसांनी मात्र ओलं फडकं मागवून ते नाव पुसून घेतलं.

शेजाऱ्यांनो, वर्गाला स्वतःची किल्ली नको का? चिटणीस, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी उत्तर द्या. अक्षर मोठं काढा. द्रौपदीबाई ते स्वतः वाचणार आहेत.