मे महिन्यातला हीटर

गॅरेजमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या साकीनाक्याच्या गॅरेजमध्ये एक पत्र्याचा डबा आहे. कुठल्या गाडीचे ते कुणालाच आठवत नाही असे नट-बोल्ट त्यात पडलेले असतात. किस्स्यांचंही तसंच होतं. यंदाचे किस्से मात्र कुठल्या गाडीचे ते मला पक्कं ठाऊक आहे. सगळे एकाच गाडीचे, त्यातही एकाच पार्टचे, आणि तो पार्ट म्हणजे हीटर. मुंबईत! हसून घ्या, सगळेच हसले. मीसुद्धा हसलो होतो, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

* * *

गाडी कर्णिक मॅडमची. मॅडम बोरीवलीच्या, वय बहात्तर, सगळी नोकरी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवण्यात गेलेली. गाडी म्हणजे गडद हिरवी, दोन सीटची, उघडी विलायती स्पोर्ट्स कार. वयाने माझ्यापेक्षा मोठी आणि स्वभावाने मॅडमसारखीच. मनात असेल तरच ऐकते.

एप्रिलमधल्या एका सकाळी मॅडम गाडी घेऊन आल्या. उतरल्या तेव्हा उजव्या पायात चप्पल आणि डाव्या पायात गुडघ्यापर्यंतचा गमबूट. बाहेर रणरणतं ऊन. आमचे परब मामा, म्हणजे वडिलांच्या काळापासून गॅरेज सांभाळणारे मेकॅनिक, हातातला पाना तसाच धरून त्या बुटाकडे बघत राहिले.

"हीटर गळतोय," मॅडम म्हणाल्या. "क्लच दाबला की पायावर गरम पाणी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोअर म्हणतात. इंजिनचं गरम पाणी दोन पाइपांतून त्यात फिरतं आणि पंखा त्यावरून हवा आत सोडतो. थंड देशातल्या माणसांची सोय. मुंबईत तो गळायला लागला की कुठलाही मेकॅनिक एकच उपाय करतो. दोन्ही पाइप एकमेकांना जोडायचे आणि हीटर कायमचा विसरायचा.

मीही हसत तेच म्हणालो. "मॅडम, मुंबईत हीटर कशाला? अर्ध्या तासात बायपास करून देतो, तुम्ही मोकळ्या."

"तुझ्या घरी स्वेटर आहे?"

"आहे की."

"मुंबईत कशाला?" असं म्हणून त्यांनी गमबूट काढला, उलटा केला आणि आतलं पाणी माझ्या फरशीवर ओतलं.

* * *

मॅडमचा हट्ट नुसता हट्ट नव्हता. पर्समधून त्यांनी सोसायटीची नोटीस काढली. बंद पडलेली वाहनं आवारातून हटवणार, असा ठराव. मेच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता सभा, त्याआधी प्रत्येक जुनं वाहन 'सर्व यंत्रणांसह चालू स्थितीत' समितीला दाखवायचं. नाही दाखवलं तर पार्किंगची जागा गेली. सोसायटीत जुनं वाहन एकच होतं, त्यामुळे नोटीस कुणासाठी होती ते वेगळं सांगायला नको.

सेक्रेटरी टिपणीस म्हणून गृहस्थ. त्यांच्या मुलाने नुकतीच एक अवाढव्य गाडी बुक केली होती आणि ती मावेल अशी जागा अख्ख्या आवारात एकच, मॅडमची. जागा गेली की गाडी रस्त्यावर, आणि उघडी गाडी बोरीवलीच्या रस्त्यावर ठेवायची म्हणजे तिला भंगारात घालण्यासारखंच. तेहतीस वर्षं स्वतःच्या हाताने पुसलेली गाडी होती ती.

"सर्व यंत्रणांसह," मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "त्यांनी लिहिलंय. आता आपण दाखवायचं. आणि गाडी तिथे माझी मी चालवत नेणार, टोइंगवर नाही."

* * *

हीटर काढणं म्हणजे काय असतं ते त्या गाडीने आम्हाला शिकवलं. मला तर वाटतं, कारखान्यात आधी हीटर लटकवला असेल आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली असेल. परब मामा तीन दिवस उलटे होते. डोकं पेडलांपाशी, पाठ सीटवर, पाय हवेत. गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांना आधी त्यांचे तळवे दिसायचे.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. मामांच्या खिशातला मोबाइल मी काढला आणि स्पीकरवर टाकून डॅशबोर्डच्या खाली धरला.

"खंय आसात?" मामींनी विचारलं.

"मोटारीच्या पोटात आसंय," आतून आवाज आला. "भायर इलंय की फोन करतंय."

मामींनी फोन ठेवला. चाळीस वर्षांचा संसार आहे, त्यांना याहून विचित्र उत्तरं मिळालेली असणार.

स्क्रू हरवू नयेत म्हणून मामांनी घरून मसाल्याचा डबा आणला होता. सात वाट्या, सात जातींचे स्क्रू. कल्पना झकास होती, फक्त घरी विचारून आणला नव्हता. चौथ्या दिवशी मामी गॅरेजमध्ये आल्या, डबा बघितला, मोहरीच्या वाटीतले स्क्रू बोटाने हलवून पाहिले आणि परत गेल्या. पुढचे दोन आठवडे मामांच्या जेवणात फोडणी नव्हती.

* * *

कोअर बाहेर आला आणि सगळे त्यावर वाकले. तो तांब्याचा असायला हवा होता. आमच्यासमोर होता तो पिवळाधमक.

बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं, पण रेडिएटरला बारीक गळती असली की आपल्याकडे त्यात हळद टाकतात. हळद गरम पाण्यात फुगते आणि भोक बुजवते. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश. पण तीच हळद बारीक नळ्यांत जाऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते. हा कोअर आधी हळदीने तुंबला होता आणि मग फुटला होता.

मॅडमनी नखाने थोडी खरवडून वास घेतला. "परब, ही कुणाच्या घरची?"

मला वाटलं मामा आता आधीच्या कुठल्या तरी मेकॅनिकचं नाव घेणार. गॅरेजच्या धंद्यात आधीचा मेकॅनिक फार उपयोगी पडतो. पण मामा ताठ उभे राहिले.

"बाई, हळद माझीच. दोन वर्सांपूर्वी घातलेली. पण तेव्हा गळूचा थांबला होता मां?"

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग आता तूच बसवायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही." मामांना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही. मलाही वाईट वाटलं, कारण हळदीचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानातून मीच आणून दिलं होतं आणि आता गप्प उभा होतो.

* * *

नवा कोअर परदेशातून मागवायचा तर सभा उलटून गेली असती. म्हणून आम्ही मागच्या गल्लीतल्या युसुफभाईकडे गेलो. ट्रकपासून जनरेटरपर्यंत कशाचाही रेडिएटर हा माणूस हाताने बनवतो. त्याने जुना कोअर तळहातावर ठेवला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "हीटर? बंबई में? मॅडम, इसको फेंको ना."

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा," मॅडम म्हणाल्या.

चाळीस वर्षं त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं. चार दिवसांत कोअर तयार झाला, आणि काय तयार झाला! एकेक पट्टी सारखी. तपासायला तो पाण्याच्या टाकीत बुडवला आणि आत हवा भरली. बुडबुडा आला नाही म्हणजे गळती नाही. युसुफभाई दोन मिनिटांत म्हणाला, झालं. मॅडमनी स्टूल ओढून घेतलं आणि टाकीशेजारी बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. युसुफभाईने दुसरं काम हातात घेतलं, मी मोबाइल काढला.

सतराव्या मिनिटाला एक बुडबुडा वर आला. मोहरीएवढा.

"वो पानी का है," युसुफभाई म्हणाला.

"असेल. दुसऱ्याची वाट बघू," मॅडम म्हणाल्या.

दुसरा आला. युसुफभाईने भोकाला डाग द्यायला बर्नर पेटवला. तेव्हापासून त्या गल्लीत टेस्टिंगला सतरा मिनिटांचा नियम आहे, आणि का आहे ते नव्या माणसांना कुणी सांगत नाही.

* * *

सभेच्या आदल्या आठवड्यात टिपणीस स्वतः गॅरेजमध्ये आले. पाहणी करायला, असं म्हणाले. गाडीचा डॅशबोर्ड बाहेर, वायरी लोंबतायत, सीट भिंतीला टेकवलेली. त्यांना इतका आनंद झाला की चहासुद्धा प्यायले. निघताना चार फोटो काढले आणि रिक्षात बसता बसता सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'वाहनाची सद्यस्थिती.'

मॅडमनी मोबाइल मला दाखवला. मी म्हणालो, "वाट लागली."

त्यांनी चष्मा वर केला आणि दोन मिनिटं टाइप केलं. ग्रुपवर सोसायटीच्या लिफ्टचा फोटो पडला. दाराला दोरी बांधलेली, तीन महिने लटकलेली 'दुरुस्ती चालू आहे'ची पाटी. खाली लिहिलं होतं, 'लिफ्टची सद्यस्थिती. बंद वस्तू हटवायला कुठून सुरुवात करायची ते सभेत ठरवू.'

सहाव्या मजल्यावरच्या एका आजोबांनी टाळ्यांची रांग पाठवली.

* * *

रविवारी साडेनऊला आम्ही निघालो. मॅडम स्टिअरिंगवर, परब मामा शेजारी, मी मागून स्कूटरवर. कोअर बसला होता, वाट्यांतले सगळे स्क्रू संपले होते. अंधेरीतून हायवेला लागेपर्यंत गाडी अशी पळाली की मी मागे पडलो.

मालाडच्या पुढे एक डंपर मधोमध बंद पडलेला. मागे गाड्याच गाड्या, वर मेचं ऊन. मी वाट काढत त्यांच्या बाजूला पोचलो तेव्हा तापमानाचा काटा लालच्या तोंडाशी होता. इतका वेळ जागच्या जागी उभं राहिल्यावर जुनी इंजिनं तापतातच. मामांचा चेहरा पडला होता.

"बाई, बाजूक घ्या. बॉनेट उघडूया."

"बॉनेट उघडलं की अकरा वाजले." मॅडमनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुढे केला, हीटरचा नॉब पूर्ण ओढला आणि पंखा चालू केला.

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. "मॅडम, मे महिना आहे!"

"इंजिनची गर्मी कुठेतरी जायला हवी ना? मोठा रेडिएटर पुरत नसेल तर छोट्याला मदतीला घ्यायचं. खंडाळ्याचा घाट मी दर मेमध्ये याच नॉबवर चढायचे. आणि तू दोन पाइप जोडून मला मोकळी करणार होतास."

काटा थरथरला, थांबला आणि हळूहळू खाली आला. मी आयुष्यभर गाड्यांत घालवलेला माणूस, हीटर काय असतो ते गिऱ्हाइकांना समजावून सांगणारा. मला खरंच लाज वाटली.

"हे आधीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"विचारलंस कुठे? तू नुसता हसलास."

मामांच्या पायावर गरम हवेचा झोत होता, डोक्यावर ऊन. शर्ट भिजून पाठीला चिकटलेला. मी त्यांना म्हणालो, मामा, उतरा, माझ्या स्कूटरवर या. त्यांनी मान हलवली.

"नाय. ही हळदीची शिक्षा आसा," ते म्हणाले, आणि बोरीवली येईपर्यंत पाय मागे घेतले नाहीत.

* * *

अकराला दहा मिनिटं असताना गाडी गेटातून आत आली. खुर्च्या मांडलेल्या, सगळी सोसायटी खाली जमलेली. टिपणीस फाइल घेऊन पुढे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर लावलेलं. इंजिन चालू आहे हे तर सगळ्यांना ऐकूच येत होतं. तरी त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "नुसतं इंजिन नाही, मॅडम. ठरावात सर्व यंत्रणा म्हटलंय. समितीने स्वतः खात्री करायची आहे."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "बसा."

परब मामा उतरले आणि त्यांनी अदबीने दार धरलं. टिपणीस आत बसले. मॅडमनी दिवे दाखवले, वायपर दाखवले, हॉर्न वाजवला. टिपणीस एकेका ओळीवर खूण करत गेले. मग मॅडमनी हीटरचा नॉब पूर्ण ओढला, पंखा चालू केला आणि गाडी वळवली. आवारात एक फेरी मारतील असं आम्हाला वाटलं. गाडी गेटातून बाहेर पडली आणि हायवेच्या दिशेने दिसेनाशी झाली.

सभा थांबली. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. मामांनी पाण्याचा तांब्या मागवून घेतला आणि गेटापाशी जाऊन उभे राहिले.

अकरा चाळीसला गाडी आली. मॅडमच्या कपाळावर घाम होता, पण बट हललेली नव्हती. टिपणीस उतरले. पांढऱ्या शर्टातून बनियन दिसत होतं आणि भिजलेली फाइल त्यांच्या मांडीला चिकटून आली होती. मामांनी तांब्या पुढे केला. टिपणिसांनी अर्धा प्यायला, अर्धा डोक्यावर ओतला, आणि टेबलापाशी जाऊन माइक हातात घेतला.

"गाडी चालू आहे," ते म्हणाले. "हीटरसकट. पुढचा विषय घ्या."