वसंताच्या आवाजाची दुरुस्ती

धुळ्याच्या बाजारात मी भरताची वांगी निवडत होतो, तेव्हा वसंताच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी विचारलं, "कुठे?" पलीकडे तो रडू लागला. वांगी तिथेच टाकून मी जळगावची बस धरली. रस्ताभर डोक्यात तेच चाललं होतं, हा गेला कुठे? शाळेपासूनचा मित्र, मला न सांगता पारोळ्यालासुद्धा जात नसे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर वसंता लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-प्रणालीच्या नादी लागला. पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर त्यानं टीव्हीशेजारी मांडला होता. सुमनवहिनींची नजर मधुमेहानं अधू झालेली, गोळ्यांच्या वेळा चुकायच्या. म्हणून त्यानं घरातल्या अहिराणीत, आपल्याच आवाजात सूचना भरल्या. वेळ झाली की स्पीकर विचारायचा, "ऐकस का, सकायनी गोळी लिधी का?" वसंता समोर खुर्चीत बसलेला असला तरी विचारायचा, आणि वहिनी दोघांनाही उत्तर द्यायच्या. मी मराठीचा मास्तर, पण त्यानं मलाही या पंथात ओढलं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. "चालू यंत्राची वायर उपटायची नाही," असं बजावायचा. "लिहिता लिहिता कोणी हात ओढला तर तुझं अक्षर कसं येईल?"

स्मशानातून परतल्यावर त्याचे चुलते, दोंडाईच्याचे आबा, टीव्हीपाशी गेले. "घरमा सुतक शे, हाई बठ्ठं बंद करा," म्हणाले आणि त्यांनीच सगळ्या वायरी उपटल्या. दुखवट्याच्या घरात टीव्ही लागत नाही, त्यात आबांचं काही चुकलं नाही. त्याबरोबर आणखी काय बंद पडलं, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. दिवसकार्य झाल्यावर मुलानं वायर जोडली, तर दिवा लागला, आवाज नाही. त्यानं आईला मोबाइलवर गजर लावून दिला. तो वाजून वाजून थांबायचा. "गजर काय, कोणासाठीही वाजतो," वहिनी म्हणायच्या. गोळ्या राहू लागल्या, साखर चढली, डॉक्टर रागावले. मग मला फोन आला, "भाऊ, तुम्हाला येतं ना त्यांचं ते?"

येतं कसलं... तरी गेलो. त्या छोट्या कॉम्प्युटरमधलं, वसंताचा आवाज भरलेलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. फाइल सिस्टीम बिघडली आहे, एवढं कळलं. म्हणजे सामान घरातच असेल, पण कुठल्या फडताळात काय, हे घरालाच आठवत नव्हतं. वसंताचा नियम असा, की आधी कार्डाची नक्कल काढायची आणि दुरुस्ती नकलेवर करायची. तसं केलं. दुरुस्ती सुरू झाली आणि यंत्र इंग्रजीत एकेक विचारू लागलं, हे नीट करू का, ते सोडून देऊ का. मला काही समजेना. वसंताला विचारावं म्हणून मी सवयीनं फोन लावला, आणि आतल्या खोलीत त्याचा फोन वाजला... मी तो बंद केला. मग सत्यनारायणाला भटजी सांगतील तेव्हा पाणी सोडावं, तसा मी 'हो' म्हणत गेलो. नक्कलच होती, तरी माझ्या एखाद्या 'हो'मध्ये वसंताचा आवाज जाईल, अशी भीती वाटत होती.

आवाज गेला नाही. पण फाइलींची नावं गेली, नुसते आकडे उरले. सकाळ कोणती आणि दुपार कोणती, वाजवल्याशिवाय कळेना. वहिनी भिंतीला टेकून ऐकत बसल्या. वसंतानं फसलेले प्रयत्नही ठेवून दिले होते. कुठे खोकला, कुठे स्वतःलाच शिवी. आणि एका ठिकाणी, "ऐकस का, दुपारनी गोळी... थांब, दूध उतू गयं." वहिनी झटकन उठल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच चौकट धरून रडल्या.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "दुपारला हीच लावा, भाऊ."

"वहिनी, नीट भरलेलीही सापडली आहे."

"ती नको. गोळीचं मी बघते, दुधाचं त्यांना बघू द्या."

नव्या कार्डावर तसं लावून देऊन मी धुळ्याला परतलो. यंत्र दुरुस्त केलं की कायमचं बिघडवून ठेवलं, मला अजून समजत नाही. पण दुपार झाली की जळगावच्या त्या घरात रोज दूध उतू जातं, आणि वहिनी गोळी घेतात.