काकांच्या सायकलची चेन

माझ्या मावशीच्या यजमानांना दारात पाहून ज्याला आनंद झाला, असा माणूस मला अख्ख्या नाशकात भेटलेला नाही. काका सरकारी कचेरीत कारकून, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांना एक विद्या अवगत होती आणि तिनंच घात केला होता. ते तिरडी फार सुरेख बांधत. आमच्या कॉलनीत कुणी गेलं की डॉक्टरांच्या पाठोपाठ काकांनाच निरोप जाई. सायकलच्या हँडलला पिशवी, तिच्यात सुतळीचा गुंडा, कोयता आणि पंचा, अशी बारा महिने तयारी. थंडी पडली की म्हणायचे, "आता म्हातारी माणसं निघायला लागतील. दिवाळीचा फराळ तेवढा पदरात पाडून घेतात." बांबू माणसाच्या मापाचे आणावे लागत, म्हणून भेटेल त्याची उंची नजरेनं मोजायची खोड त्यांना लागली होती. लग्नाच्या पंगतीत त्यांनी एखाद्याला आपादमस्तक न्याहाळलं की त्याच्या घशात जिलबी अडकायची. माझे एक चुलते तर काका आले की पटकन बसूनच घेत.

पंचविशीत मला टायफॉइड झाला. सव्वा महिन्यानं ताप उतरला, पण केस गेले आणि मांड्यांच्या काड्या झाल्या. अंबडच्या एका कारखान्यात मी नुकताच तात्पुरता लागलो होतो. साहेबांचा निरोप आला, एक तारखेला हजर झाला नाहीस तर जागा दुसऱ्याला देऊ. वडील नव्हते, घर माझ्याच पगारावर चाललेलं. अंबडला जायचं सायकलनं, आणि मला मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. भीतीनं मी आईशीही बोलेनासा झालो.

अशात एका सकाळी काका दारात. आईच्या हातातलं पातेलंच पडलं.

"भाऊजी, अहो, बरा आहे तो आता!"

"माहीत आहे," काका म्हणाले. "त्याला सायकलवर घेऊन जातो. सोमेश्वरच्या देवळापर्यंत जमलं तर अंबडही जमेल."

कानटोपी, मफलर, वडिलांचा जुना कोट, एवढं सगळं अंगावर चढवून मी माझ्या सायकलवर निघालो. गंगापूर रोडवर धुकं उतरलेलं. पहिल्या फर्लांगातच माझ्या छातीचा भाता झाला. थांबू या म्हणायची लाज वाटत होती, तेवढ्यात मागून हाक आली, "थांब रे, चेन पडली!" काका माझ्याकडे पाठ करून बराच वेळ खुडबुडत बसले. मी दगडावर टेकलो. दम परत आला तशी त्यांची चेनही बसली. पुढे निघालो तर त्यांनी वाटेवरची घरं दाखवायला सुरुवात केली. "तो पिवळा बंगला. मास्तर होते. तुझाच ताप, एकविसावा दिवस. साडेपाच फूट." मग एक पेरूची बाग आली. "इथला मालक. छातीत कफ. ठेंगणा होता बिचारा, बांबू उरला." आजारी माणसाला कुणी असं फिरवतं का! मला रडू यायच्या बेतात होतं. पण मला घेरी येईल असं वाटलं की नेमकी काकांची चेन पडे. सातव्यांदा पडली तेव्हा मी भडकलो.

"दर रविवारी सायकल उलटी ठेवून तेल पाजता, आणि तिची ही कथा? नवी चेन घाला ना!"

"जुनी सायकल आहे. चालायचंच," काका म्हणाले.

सोमेश्वरला पोचलो. नदीकाठी बसलो तर काका मला डोक्यापासून पायापर्यंत बघू लागले. मी पाय पोटाशी घेऊन अंग चोरलं.

"तुला ग्लानी आली त्या दिवशी मी सुतळीचा नवा गुंडा आणून ठेवला होता," ते हळूच म्हणाले. "आणायला नको होता. मावशीला देऊन टाकतो, कपडे वाळत घालील."

एक तारखेला मी कारखान्याच्या फाटकात हजर होतो.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, अशाच थंडीत, काका कचेरीत खुर्चीतल्या खुर्चीत गेले. मावशीच्या अंगणात माणसं जमली आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली, कारण निरोप द्यायचा कुणाला? शेवटी मी काकांचीच सायकल काढली आणि बांबू आणायला निघालो. पिशवी हँडलला होतीच. चेन तीच जुनी, ती पडायच्या धास्तीनं मी आधी जपून चालवत होतो. मग घाई झाली. खड्ड्यांतून हाणली, चढावर उभा राहून पायडल मारले. गावातल्या बुरुडाच्या दुकानापर्यंत चेन एकदाही पडली नाही.

दुकानापुढं उतरलो आणि मला एकदम रडू कोसळलं. म्हातारा बुरूड जरा थांबला, मग समजुतीनं म्हणाला, "कोण गेलं, दादा? उंची किती हाय?"

मला सांगता येईना. अख्ख्या कॉलनीची मापं घेणाऱ्या त्या माणसाकडे आम्ही कुणी कधी धड मान वर करून पाहिलंच नव्हतं.