वर उघडणाऱ्या वह्या

त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी वाया गेलेली पाकिटे मागितली. आमच्या छापखान्यात लोक लग्नपत्रिका, बिलबुके, लेटरहेडे छापून घ्यायला येतात. बिघडलेला माल मागणारे गिऱ्हाईक मी प्रथमच पाहिले. धंदा आता माझा मुलगा सांभाळतो. तो त्यांच्याशी हिंदीत बोलत होता आणि मी मागे कटिंगच्या मशीनजवळ बसलो होतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"थांब जरा, छापखान्यात आहे," त्या म्हणाल्या.

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात सगळे 'प्रेस' म्हणतात. छापखाना हा शब्द त्या शेडमध्ये मी माझ्याखेरीज कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी उठून पुढे गेलो.

"कुठल्या तुम्ही?"

"साताऱ्याची. आणि काका, तुम्ही?"

"सांगली."

त्या माझ्या मुलाकडे वळल्या. "फिर तो लिफ़ाफ़े फ्री में मिलेंगे, भैया."

मी हसलो नाही. पाकिटे दिली.

ती खिडकीची पाकिटे होती. आतल्या कागदावरचा पत्ता पारदर्शक चौकटीतून दिसतो, ती. एका कंपनीने आपले बोधचिन्ह बदलले आणि दोन खोकी आमच्याकडे पडून राहिली. बाईंनी त्यांचे काय केले ते पुढच्या खेपेस दाखवले. पाकिटात एक लांब पट्टी घातलेली होती आणि तिच्यावर मराठी शब्द लिहिलेले होते. पट्टी ओढली की खिडकीत एकेक शब्द येतो. त्या शब्दाचे वाक्य केल्याशिवाय मुलाने पुढे ओढायचे नाही. नंतर त्यांनी रद्द व्हिजिटिंग कार्डे नेली आणि नंबर घातलेली जुनी पावतीपुस्तके नेली. ती मुलांना आकडे मोठ्याने वाचायला.

"एकोणसाठपर्यंत कसेबसे येतात," त्या म्हणाल्या. "एकोणसत्तर आलं की सगळे हिंदीत पळतात."

बाईंचे यजमान हवाई दलात होते. दर रविवारी सकाळी एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्या चौदा मुलांना मराठी शिकवत. बहुतेक मुले फौजी अधिकाऱ्यांची, दोघे आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्यांचे. शाळेत हिंदी असल्याने अक्षरे सर्वांना येत होती. मराठी बोललेले सगळे कळत होते. उत्तर मात्र हिंदीत येई. हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. माझा मुलगा असाच वाढला.

डिसेंबरच्या मध्यास त्या आल्या त्या उभ्याच राहिल्या. अचानक बदली झाली होती. दोन आठवड्यांत सामान हलणार होते.

"वर्गाचं काय?" मी विचारले.

"सगळ्या आया म्हणतात, बघू." त्यांनी पिशवीतून कागद काढले. "बघू म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे, काका. म्हणून मी हे केलंय. शिक्षक नसला तरी चालेल अशी वही."

वही साधी होती. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याला समोरासमोरची दोन पाने. डावीकडे त्या महिन्याचे शब्द आणि अर्धवट वाक्ये फिकट अक्षरांत, गिरवण्यासाठी. उजवीकडे ओळी आखलेले कोरे पान. त्यावर मुलाने गावाकडच्या आजीआजोबांना पत्र लिहायचे. वर्ष संपले की सबंध वही पोस्टाने त्यांच्याकडे पाठवायची. दोन्ही बाजूंनी छापून कागद तेरा, पुढे येणाऱ्या मुलांसह प्रती चाळीस, आणि शेवटच्या रविवारी मुलांच्या हातात.

मुलगा म्हणाला, "पप्पा, चालीस कॉपी के लिए ऑफसेट? डिजिटल पे निकाल देते हैं, शाम तक हो जाएगा."

बाईंनी आणलेला नमुना डिजिटलच होता. मी तो आणि एक पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. "गिरव."

त्याने गिरवले. पेन्सिल फिकट अक्षरांवरून घसरत गेली. डिजिटलची शाई म्हणजे भुकटी. ती वितळून कागदाच्या वर बसते आणि तिचा गुळगुळीत थर राहतो. ऑफसेटची शाई कागदात मुरते.

"आप और आपका कागज़," तो म्हणाला आणि यंत्राचे दोन दिवस मला दिले, गुरुवार आणि शुक्रवार. शनिवारपासून ते एका परिषदेच्या फोल्डरांना बांधलेले होते.

मी तरुणपणी सांगलीत खिळे जुळवायला शिकलो. शिशाचे एकेक अक्षर उलटे वाचत ओळ बांधण्याचे ते काम. ते गेले, ऑफसेट आले. तेही मी शिकलो. खिळ्यांच्या काळातले जुने ट्रेडल यंत्र आम्ही अजून ठेवले आहे, नंबर घालण्यापुरते आणि घडीची रेघ पाडण्यापुरते. या वहीसाठी मी कारागिराला बाजूला केले आणि स्वतः यंत्रावर उभा राहिलो. तसे करायला कोणी सांगितले नव्हते.

गुरुवारी सर्व पानांची पुढची बाजू छापली. बाहेर धुके होते. अशा थंडीत शाई सावकाश सुकते, म्हणून गठ्ठे रात्रभर तसेच ठेवले. शुक्रवारी सकाळी मागची बाजू घेतली. बाई पाहायला आल्या होत्या.

एका बाजूने छापलेला गठ्ठा दुसऱ्या बाजूसाठी दोन प्रकारे उलटता येतो. पुस्तकाचे पान उलटतो तसा आडवा, किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटतो तसा खालून वर. पुस्तकाला पहिला प्रकार, कॅलेंडरला दुसरा. नोव्हेंबरपासून आम्ही कॅलेंडरांखेरीज फारसे काही छापले नव्हते. माझ्या हातांनी कॅलेंडर उलटले.

ही चूक पकडण्याची रीत आहे, आणि ती आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कारागिराला मीच शिकवली आहे. दुसऱ्या बाजूचा पहिला कागद उजेडासमोर धरायचा, दोन्ही बाजूंचे डोके एकाच दिशेला आहे का ते पाहायचे, मगच यंत्र सोडायचे. मी कागद धरला. पण कडा जुळतात का एवढेच पाहिले. भडंगात लसूण किती असावा यावर बाईंशी वाद चालला होता. इतके सलग मराठी मी बरेच दिवस बोललो नव्हतो. हे सबब म्हणून सांगत नाही. घडले तसे सांगतो.

बाई गेल्या. दुपारी गठ्ठे बाइंडरच्या टेबलावर गेले. हा सरदारजी माझ्याच वयाचा, शेड घेतली तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. त्याने तेरा पाने क्रमाने लावली, पहिले पान उलटले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाऊजी, ये किताब पढ़ने के लिए सिर के बल खड़ा होना पड़ेगा?"

मी म्हणालो, असे होणे शक्य नाही. त्याने वही माझ्याकडे फिरवली. उजवे पान सरळ होते. डावे उलटे होते. पाचशे वीस कागद, सगळे तसेच.

पुन्हा छापायला यंत्र मोकळे नव्हते. असते तरी दोन्ही बाजू रविवारपर्यंत सुकल्या नसत्या. मुलगा येऊन पाहून गेला. त्याने टोमणा मारला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "डिजिटल लगा दूँ?"

"थांब."

मी बाईंना फोन केला. "वह्या बिघडल्या. चूक माझी आहे."

"काका, रविवारी मुलांच्या हातात काही पडलं नाही, तर जानेवारीत कोणी येणार नाही. वर्ग संपला."

"उद्या संध्याकाळी या," मी म्हणालो. का म्हणालो ते मला तेव्हा माहीत नव्हते.

फोन ठेवला तेव्हा सरदारजी आपल्या कामाला लागला होता. पंजाबी गाणे गुणगुणत एका बियाणेवाल्याच्या कॅलेंडरांना वरून तार घालत होता. एक झाले की ते हवेत धरून पाने वर उलटून पाहायचे, ही त्याची सवय. मी ते दोनतीनदा पाहिले. मग आमची तेरा पाने उचलली, वरच्या कडेला चिमटीत धरली आणि पहिले पान वर उलटले.

शब्द वर, पत्राचे पान खाली. दोन्ही सरळ. पुढचे उलटले. क्रमही बरोबर.

सरदारजी तार घालायचा थांबला. "ये तो कैलेंडर है, बाऊजी."

"वही आहे. ऊपर से बाँधनी है. जगह है?"

त्याने पट्टी लावली. वरचा समास मोजला, मग मागच्या बाजूचा खालचा. "डेढ़ उँगली. बँध जाएगी." थोडा विचार करून त्याने विचारले, "टाँगने का हुक भी डालूँ? बच्चों के बस्ते में तो हर चीज़ मर जाती है."

हूक घालायला सांगितले. पुठ्ठ्यासाठी मी उरलेल्या फायलींचे जाड कागद कापले. पाच रंग मिळाले. शनिवारी दुपारी चाळीस वह्या टेबलावर होत्या. प्रत्येक वही मी स्वतः उजेडासमोर उघडून पाहिली. त्याला आता अर्थ नव्हता, पण पाहिली.

बाईंनी एक वही टेबलावर ठेवून उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हे असंच करायचं ठरलं होतं का?"

"नाही."

"माझ्या वर्गात एक डावखुरी मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "डावीकडे तार असली की तिचा हात अडतो. दर रविवारी वही तिरकी करून बसते." त्यांनी हूक बोटात अडकवून वही उंच धरली. "आधी का नाही सुचलं हो तुम्हाला?"

"आधी चूक झाली नव्हती," मी म्हणालो.

रविवारी वह्या वाटल्या गेल्या. सोमवारी बाईंच्या सामानाचा ट्रक निघाला. जाण्यापूर्वी त्यांनी फोन केला आणि एकच गोष्ट सांगितली: पुढच्या रविवारी हॉल उघडतो का ते बघून या.

मी गेलो. दारात चपला होत्या. आत अकरा मुले आणि चार आया. तीन मुले कमी. मी याहून वाईट धरून चाललो होतो. एक आई म्हणाली, "वही फ्रिजशेजारी टांगली आहे. स्वयंपाक करताना रोज समोर दिसते, म्हणून टाळता येईना."

"शिकवणार कोण?" मी विचारले.

त्यांनी एकमेकींकडे पाहिले. मग एकीने फळ्याजवळची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी मास्तर नाही, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, मास्तर नकोच, आजोबा हवेत. पत्र आजोबांनाच लिहायचे आहे. मी बसलो.

मुलांनी जानेवारीचे पान वर उलटले. पेन्सिली फिकट अक्षरांवरून न घसरता चालल्या. तेवढे मी पाहून घेतले. पुढच्या रांगेतल्या डावखुऱ्या मुलीची वही सरळ होती. तिने दोन ओळी लिहिल्या आणि मान वर केली.

"दादाजी, 'इथे खूप थंडी आहे' के बाद क्या लिखूँ?"

"मराठीत विचार," मी म्हणालो.

तिने पेन्सिलीचे टोक ओठावर टेकवले आणि बराच वेळ घेतला. मग विचारले.