मागाच्या खड्ड्यातलं कुत्रं

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं एखाद्या प्राणिप्रेमी बाईचं कौतुक आहे असं कुणाला वाटायला नको. रस्त्यात कुत्रं दिसलं की आजही मी पदर सावरून पलीकडच्या कडेने जाते.

गेल्या दिवाळीत मी माहेरी, अड्याळजवळच्या आमच्या गावी गेले होते. माझ्या लेकीने मोबाइल टीव्हीला जोडून एक सिनेमा लावला. मालक कुठेतरी दूर हरवतो, त्याचं कुत्रं नद्या-डोंगर ओलांडून त्याला हुडकून काढतं आणि शेवटी दोघं पावसात एकमेकांच्या गळ्यात पडतात, असा. लेक हुंदके देत होती, आई डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी म्हटलं, "शिकवलेलं कुत्रं आहे ते. कॅमेऱ्यामागे कुणीतरी बिस्कीट घेऊन उभं असेल." लेकीने दिवसभर माझ्याशी अबोला धरला. बाबांची शंका वेगळीच होती. "एवढे दिवस चालून राह्यलं ते कुत्रं, मंग खाल्लं काय त्यानं?"

बाबा हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड विणतात. पुढच्या खोलीत जमिनीतच कमरेएवढा खड्डा आहे. विणणारा त्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि तळाशी असलेल्या दोन पावड्या डाव्या-उजव्या पायाने आळीपाळीने दाबतो. वर हातांनी आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळवायचा नि फणीने ठोका द्यायचा. चारेक वर्षांपूर्वी एक पिवळं गावठी कुत्रं उन्हातून घरात शिरलं आणि सरळ त्या खड्ड्यात उतरून बाबांच्या पायांपाशी पसरलं. तिथे गारवा असतो, एवढंच कारण असणार. बाबांनी हाकललं नाही. त्याला कुणी नाव ठेवलं नाही. बाबा "ए लेका" म्हणायचे, मी "ते ध्यान" म्हणायचे. कुत्र्याचे केस रेशमात जातील म्हणून माझं आईशी भांडूनही झालं होतं.

फेब्रुवारीत बाबांना लकवा मारला. आधी भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. मी दवाखान्यात राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईचा फोन आला. "बाई, कुत्रं खाऊन नाई राह्यलं. खड्ड्याच्या काठावर बसून हाये नुसतं." इथे बापाच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं आणि आई मला कुत्र्याचं सांगत होती. मी रागानेच फोन ठेवला.

दादा, माझा मोठा भाऊ, तुमसरला राइस मिलमध्ये कामाला आहे. लहानपणी तोही माग शिकलेला. रविवारी तो घरी गेला तेव्हा त्याने एक शक्कल लढवली. विणकराच्या घरातच सुचावी अशी ती शक्कल होती. माग वाजला की कुत्र्याला वाटेल मालक आला, मग खाईल, असा त्याचा हिशेब. तो खड्ड्यात पाय सोडून बसला आणि बाबांनी अर्धवट टाकलेलं कापड पुढे विणू लागला. त्याचा हात चांगला आहे, ठोका कुठे चुकला नाही. कुत्रं उठलं, मान वाकडी करून त्याने ऐकलं, खाली वाकून दादाचे पाय हुंगले आणि परत काठावर जाऊन तोंड फिरवून बसलं. दादाने चार बोटं कापड विणून पाहिलं. मग मला फोन करून म्हणाला, "ते नाई फसत वो." आईने दुधात भिजवलेला भात बोटाने चाटवला, तेवढ्यावर ते तगलं.

महिन्याभराने बाबांना घरी आणलं. हात बऱ्यापैकी परत आला होता, जीभ जड होती, डावा पाय मात्र गेला तो गेलाच. खरं सांगते, रिक्षा दारात थांबली तेव्हा सिनेमासारखं कुत्रं झेप घेईल अशी मीही वाट बघत होते. त्याने झेप घेतली नाही. बाबांना आत नेऊन निजवल्यावर हाडं वर आलेलं ते जनावर हळूहळू चालत खाटेपाशी आलं. त्याने बाबांचा उजवा पाय हुंगला, मग डावा. डाव्यापाशी ते फार वेळ थांबलं. नागपूरच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून जे ताडलं होतं, ते त्याने नुसत्या नाकाने ताडलं असं मला वाटलं.

बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. व्यायाम नको, काठी नको. आठ दिवसांनी अडखळत म्हणाले, "माग... काढून टाका. आता कायले पायजे तो." आई चुलीपाशी जाऊन बसली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग कधी मोडला नव्हता. तो मोडला की बाबाही खाटेवरून उठणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण त्यांचा शब्द खाली पाडायची हिंमत कुणाला नव्हती.

दादा सुट्टी काढून आला. आधी खड्ड्यात उतरून ताणलेले धागे कापायचे, मग लाकडं मोकळी करायची. तो कात्री घेऊन मागाशी गेला तर कुत्रं खड्ड्यात उतरून पावड्यांवर आडवं झालं. मानेला धरून काढायला गेला तर गुरगुरलं. चार वर्षांत ते कुणावर गुरगुरलं नव्हतं. आईने भात दाखवला, ढुंकून पाहिलं नाही. बाबांनी खाटेवरून हाक मारली तेव्हा वर आलं, त्यांचा हात चाटला आणि पुन्हा खाली जाऊन तसंच पडलं. असं तीनदा झालं.

"मले न्या तिथं," बाबा वैतागून म्हणाले. "मीच काढतो त्याले."

मी आणि दादाने त्यांना उचलून काठावर बसवलं. खड्ड्यापाशी बसायचं म्हणजे पाय खाली सोडूनच. निर्जीव पाय मी माझ्या हातांनी उतरवला. कुत्रं पावड्यांवरून सरकलं आणि त्या पायाला पाठ लावून बसलं. बाबा त्याला ओढायला वाकले नाहीत. त्यांचा उजवा पाय सवयीनेच पावडीवर गेला. धोटा पळाला, ठोका पडला. आता डाव्याची पाळी होती आणि तो पाय हलेना. बाबा किती तरी वेळ खाली बघत राहिले. मग त्यांनी उजवाच पाय उचलून डाव्या पावडीकडे नेला. वाटेत कुत्रं होतं. त्याने अंग चोरून खड्ड्याच्या भिंतीशी घेतलं आणि पायाला जागा करून दिली. ठोका पडला. पाय परत उजवीकडे आला तसं कुत्रं पुन्हा पहिल्या जागी आलं. प्रत्येक धाग्याला ते असंच सरकत होतं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी देवापुढेही घाईघाईने हात जोडणारी बाई, त्या काठावर माझे हात आपोआप जुळले.

संध्याकाळपर्यंत दादाने विणलेल्या सुबक पट्टीपुढे बोटभर कापड झालं. विरळ, तिरकं, बाबांनी एरवी उसवून टाकलं असतं असं. आईने खाली वाडगा सरकवला तेव्हा कुत्र्याने तो चाटूनपुसून साफ केला.

आम्ही बाबांना वर उचलू लागलो. ते घामाने भिजले होते. काठावर पडलेल्या दादाच्या कात्रीकडे बघत म्हणाले, "ते आत ठेवून दे. अन्‌ उद्या... सकाळीच उतरवा मले."